चारच्या आत

चौदा दिवस चार रंगांच्या गोळ्या.
तोंडात जुन्या दहा पैशाची चव,
चहाला तीच, भाकरीला तीच.
गोळ्या संपल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले,
आता चार आठवडे थांबायचं, मग तपासू.
बरं वाटतंय की, मी म्हटलं.
ते म्हणाले, वाटू दे.

हरभट रोडला आमचं भडंगाचं दुकान.
तीस वर्षं कढईतली पहिली चिमूट माझ्या जिभेवर.
मीठ, पिठीसाखर, लसूण, तिखट,
मी मान हलवल्याशिवाय पोत्याला सुतळी लागत नसे.
आता शिवलीला चाखते, माझी नणंद.
तिची मान लगेच हलते.
परवा एक जुनं गिऱ्हाईक पुडा फोडून म्हणालं,
वहिनी, दुकान विकलंत काय?

शेवटचे पंधरा दिवस ॲसिडिटीची गोळीसुद्धा बंद.
ती घेतली की जंतू दबून बसतो म्हणे,
असून दिसत नाही.
रात्री दोनला घशाशी चिंचेचा कोळ.
उशाशी गोळ्यांची डबी, झाकण घट्ट.
मी उठून भिंतीकडं बघत बसायची.

भिंतीवर पुराची रेघ आहे.
पाणी ओसरल्यावर ह्यांनी खिळ्यानं ओढलेली.
आठ दिवसांत चुना, त्यावर आकाशी रंग,
हात लावला तर खडखडीत.
दिवाळीआधी पोपडे धरले
आणि आतून मीठ फुललं, पांढरं, म्हातारीच्या केसांसारखं.
गवंडी म्हणाला, घाई केलीत.
ओल आपणहून सांगत नसते.

मिरजेला निघाले ती उपाशी.
वडापमध्ये पायाशी हळदीचं पोतं, सगळे शिंकतायत.
तपासणीच्या खोलीत तंझिला मुजावर,
तळहातावर पेनानं लिहिलेल्या वेळा.
पिशवीवर माझं नाव: महानंदा ऐतवडे.
फुंका मावशी. अजून. आतला सगळा.
निळी पिशवी फुगली, तिनं बूच लावलं.
मग पेलाभर आंबटसर पाणी.
जंतू असेल तर हे खाईल,
आणि त्यानं खाल्लेलं तुमच्या श्वासात उतरेल.
म्हणजे माझाच श्वास माझी चहाडी करणार?
ती हसली. अर्धा तास बसा.

अर्धा तास.
पंख्याचं एक पातं वाकडं होतं.
कुणाकडून आला असेल हा?
एका ताटात जेवलो, एका तांब्यानं प्यालो,
माहेरच्या हिरीचं पाणी ओंजळीनं.
ह्यांना म्हटलं होतं, तुम्हीपण तपासून घ्या.
मला काय धाड भरलीय, दगड पचवतो मी, म्हणाले,
आणि ढेकर दिली.

दुसरी पिशवी, गुलाबी.
फुंकताना मधेच दम तुटला.
दोन श्वास टेबलावर शेजारी शेजारी,
एक खाण्याआधीचा, एक नंतरचा.
दोघांत फरक किती, एवढंच बघायचं.

संध्याकाळी फोनवर आकडा आला. पॉइंट आठ.
मी उलटा फोन लावला.
चारच्या आत म्हणजे नाही, मावशी.
मग शून्य का नाही?
यंत्र शून्य म्हणत नसतं सहसा. नाही म्हणजे नाही.

सकाळी आयर्विन पुलावर मुद्दाम थांबले.
फेब्रुवारीत पातळी कोणी विचारत नाही.
फुटांचे आकडे कोरडे, उन्हात,
एकावर एक, कुणी न वाचलेले,
आणि पार खाली कृष्णा,
आपल्या जागेला.
जंतूची गोष्ट वेगळी, कळतंय मला.
तरी बघून आले.

कढई उतरली.
शिवलीलाची मान हलायच्या आत
मी हात पुढं केला.
लसूण करपलेला. मीठ कमी.
डोळ्यांत पाणी आलं ते तिखटानं,
तिला तसं सांगितलं.

आणि गल्ल्यावर बसलेल्या ह्यांना म्हटलं,
सोमवारी मिरजेला.
उपाशी.